दुखणं राहील, झोप परत आणता येईल

आमवाताच्या, मधुमेहाच्या किंवा दम्याच्या जुन्या रुग्णाची फाइल उघडली तर तीत रक्ताचे रिपोर्ट सापडतात, एक्स-रे सापडतो, गोळ्यांची लांबलचक यादी सापडते. झोपेविषयी बहुतेक वेळा एक ओळही नसते. रुग्ण आपणहून काही सांगत नाही, कारण सांधे ठणकत असताना झोप कुठून येणार, हे त्यानं धरूनच ठेवलेलं असतं. डॉक्टरही तसंच धरून चालतात. घरची माणसं तर बोलूनच दाखवतात, ‘आजारी माणसाला कसली आलीय झोप!’ मूळ दुखणं आटोक्यात आलं की झोप आपोआप लागेल, अशी या सगळ्यांची समजूत. पण आमवात, मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा जुनाट विकार ही दुखणी बहुतेकांना जन्मभर सोबत करतात. ती बरी होण्याची वाट पाहत झोप लांबणीवर टाकायची, म्हणजे तिच्यावर पाणीच सोडायचं.

दीर्घ आजाराच्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचावं, म्हणून लिहिलेल्या या पुस्तकाची सगळी मांडणी त्या समजुतीला छेद देणारी आहे. आठवड्यातून किमान तीन रात्री झोप लागत नाही किंवा टिकत नाही, असं तीन महिने चाललं आणि त्याचा दिवसावर परिणाम होऊ लागला, की तो जुनाट निद्रानाश. तो कोणत्याही आजाराच्या जोडीला आलेला असो, त्याच्यावर स्वतंत्र उपचार करता येतात आणि केले पाहिजेत. त्यांतला सर्वांत टिकाऊ उपचार औषधांच्या दुकानात मिळत नाही. तो आपल्या वेळापत्रकात, अंथरुणात आणि दिवसभराच्या सवयींत करायचा असतो.

हे कसं शक्य आहे, ते समजून घेण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांची एक मांडणी फार उपयोगाची आहे. १९८७ साली त्यांनी निद्रानाशाची कारणं तीन गटांत विभागली. काही कारणं माणसाच्या घडणीतच असतात : हलकी झोप, काळजीखोर स्वभाव. काही कारणं निद्रानाशाला सुरुवात करून देतात : अपघात, शस्त्रक्रिया, घरातला मृत्यू, एखाद्या आजाराचं निदान. तिसऱ्या गटातली कारणं त्याला चालू ठेवतात, आणि ती बहुतेक आपण झोप मिळवण्यासाठी केलेल्या उपायांतूनच जन्मतात. रात्री झोप झाली नाही म्हणून सकाळी उशिरापर्यंत लोळणं, दुपारी दोन तास पडणं, संध्याकाळी टीव्हीसमोर पेंगणं, आज तरी लवकर डोळा लागेल म्हणून साडेआठलाच पाठ टेकणं. आजार दुसऱ्या गटात येतो. तो आपल्याला हटवता येत नसला, तरी तिसऱ्या गटाला हात घालता येतो. या पुस्तकाची भिस्त एवढ्या एका गोष्टीवर आहे.

आपल्या घरांत आजारी माणसाची जागा ठरलेली असते. बहुधा हॉलमधला दिवाण, नाहीतर आतल्या खोलीतला खिडकीलगतचा पलंग. सकाळचा चहा तिथेच येतो. गोळ्यांचा डबा उशाशी, रिमोट पायाशी, पाण्याचा तांब्या हाताशी. दुपारचं ताट तिथेच वाढलं जातं, भेटायला आलेले पाहुणे तिथेच खुर्ची ओढून बसतात, मालिका तिथूनच बघितल्या जातात. मेडिकलच्या बिलांचा हिशेब तिथेच होतो आणि मुलीच्या लग्नाची काळजीही तिथेच वाहिली जाते. मग रात्री दिवा मालवला की त्याच अंथरुणावर झोप लागावी अशी अपेक्षा असते. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं ते हेच : अंथरुणाची आणि जागेपणाची गाठ एकदा पक्की बसली की नुसतं आडवं झाल्यानंही माणूस टक्क जागा होतो. खुर्चीत पेंगणाऱ्या आजी पलंगावर नेल्या की लख्ख जाग्या होतात, हा अनुभव अनेक घरांत असेल. त्यांचं काही नाटक नसतं. त्यांच्या शरीरानं जे शिकून घेतलं, तेच ते करतं.

प्रेमानं म्हटलेलं ‘तुम्ही पडा हो जरा’ हे वाक्य इथे अपाय करतं, हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ते लिहायलाच हवं. विश्रांती आणि झोप या वेगळ्या गोष्टी आहेत. दुखऱ्या सांध्यांना विश्रांती लागते, ती आरामखुर्चीत पाय स्टुलावर ठेवूनही मिळते. अंथरूण मात्र रात्रीसाठी राखून ठेवावं. ज्यांना पलंगावरून उठताच येत नाही, त्यांनी निदान दिवसा पलंगाचं रूप बदलावं : चादर घडी करून बाजूला, पाठीशी लोड, तोंड खिडकीकडे. रात्री उशी, पांघरूण आणि दिशा पुन्हा वेगळी. घरच्यांनी मनावर घेतलं तर एवढं दोन मिनिटांत होतं.

झोपेमागचं शरीरशास्त्र थोडं माहीत असलं की हे नियम जाचक वाटत नाहीत. झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढ. मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि माणूस जडावतो. ही ओढ भुकेसारखी असते. दिवसभर चिवडा-फरसाण तोंडात टाकत राहिलं तर रात्रीच्या ताटावर वासना राहत नाही, तशी दिवसभरच्या डुलक्यांनी रात्रीची झोप मरते. चहा-कॉफीतलं कॅफिन याच ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं, आणि घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-एक तासांनंतरही शरीरात उरतं. संध्याकाळी सहाच्या चहाचा हिशेब म्हणून रात्री अकराला द्यावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतलं घड्याळ. हे घड्याळ उजेडावर लागतं, विशेषतः सकाळच्या. पडदे ओढलेल्या खोलीत, ट्यूबलाइटखाली दिवस काढणाऱ्या माणसाच्या घड्याळाला दिवस कधी सुरू झाला हेच नीट कळत नाही. चालता येत असेल त्यानं सकाळी अर्धा तास बाहेर पडावं. येत नसेल त्याची खुर्ची गॅलरीत किंवा दारात न्यावी. ढगाळ पावसाळी सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो.

आता मूळ उपचाराकडे येते. निद्रानाशासाठीच्या या वर्तनोपचाराला जगभर ‘सीबीटी-आय’ म्हणतात. त्यातला सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत अवघड भाग म्हणजे अंथरुणातला वेळ कमी करणं. ऐकताना हे उफराटं वाटतं. समजा, आमवात असलेल्या एक बाई रात्री नऊला आडव्या होतात आणि सकाळी साडेसहाला उठतात. अंथरुणात साडेनऊ तास. आठवडाभर रोज सकाळी वहीत नोंद केली तेव्हा कळलं, की प्रत्यक्ष झोप सरासरी साडेपाच तासच होते. म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी ५८ टक्के. उरलेले चार तास कूस बदलण्यात, घड्याळ बघण्यात आणि ‘उद्या हात चालतील ना’ या विचारात जातात. याच बाईंनी रात्री बाराला अंथरुणावर जायचं आणि सकाळी सहाला उठायचं ठरवलं, तर पहिले काही दिवस जड जातात, पण साठलेली ओढ आपलं काम करते आणि तीच साडेपाच तासांची झोप सलग होऊ लागते. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की झोपायला जाण्याची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा पंधरा मिनिटं. उठण्याची वेळ मात्र हलवायची नाही. रविवारी नाही, आणि रात्र वाईट गेली म्हणूनही नाही. अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली कधीच आणू नये.

ही पद्धत सगळ्यांना जशीच्या तशी लागू नाही, याची जाणीव या पुस्तकानं शेवटपर्यंत ठेवली आहे, आणि त्यासाठीच मी त्याची शिफारस मोकळ्या मनानं करते. फिट्स येणाऱ्यांना झोप कमी झाली की झटका येऊ शकतो. द्विध्रुवी मनोविकार असलेल्यांना उन्मादाची लाट येऊ शकते. ट्रक, रिक्षा, एसटी चालवणाऱ्यांना दिवसाची पेंग जिवावर बेतू शकते. तोल जाणाऱ्या वृद्धांना पडण्याची भीती. अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ही पद्धत वापरूच नये. इतर अशक्त रुग्णांसाठी सौम्य वाट आहे : नऊऐवजी पहिल्या आठवड्यात साडेनऊ, पुढच्या आठवड्यात दहा, असं हळूहळू आवळत आणायचं. फळ उशिरा मिळतं, पण मिळतं. आणि सांधे सुजून लाल झालेत, ताप आहे, श्वास लागलाय, अशा दिवसांत नियम बाजूला ठेवायचे आणि ते दिवस ओसरले की पुन्हा धरायचे.

दुसरा नियम आहे तो वीस मिनिटांचा. साधारण तेवढ्या वेळात झोप लागली नाही तर अंथरुणातून उठायचं, मंद उजेडात काहीतरी शांत करायचं आणि पेंग आली की परतायचं. निरोगी माणसाला हे सांगणं सोपं. ज्या बाईंना पलंगावरून पाय खाली सोडायलाच पाच मिनिटं लागतात, त्यांना हे कसं सांगायचं? बहुतेक पुस्तकं या प्रश्नापाशी गप्प बसतात. करता येण्यासारखं खूप असतं. पलंगाला लागूनच हातांची, उंच बैठकीची खुर्ची ठेवावी. तिच्यावर शाल, शेजारी लहान पिवळा दिवा, जपमाळ किंवा विणकाम किंवा आधी वाचलेलंच एखादं पुस्तक. जमिनीवर सतरंजी किंवा वायर नसावी, वॉकर हाताला येईल असा असावा. घड्याळाचं तोंड भिंतीकडे वळवावं. वीस मिनिटं अंदाजानंच मोजायची. उठणं अगदीच अशक्य असेल तर पलंगावरच पाठीला उशी लावून बसतं व्हावं, म्हणजे झोपण्याची स्थिती तरी मोडते.

हे सगळं सद्भावनेचं बोलणं नाही, त्याला चाचण्यांचा आधार आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मोरीन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये वृद्धांमध्ये वर्तनोपचार आणि झोपेची गोळी यांची तुलना केली. सुरुवातीला दोन्हींचा फायदा झाला, पण पुढे टिकला तो वर्तनोपचाराचा. दुसरा आजार सोबत असलेल्या निद्रानाशावरच्या ३७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही या उपचारानं झोप सुधारल्याचं दिसलं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये सर्व प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी हाच पहिला उपचार असावा, असं सांगितलं. मला सर्वांत आशादायक वाटते ती वॉशिंग्टन राज्यातली २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. सांध्यांची झीज होऊन दुखणं आणि निद्रानाश असलेले, साठीपुढचे ३२७ जण. त्यांच्यातल्या निम्म्या जणांना आठ आठवड्यांत सहा वेळा, दर वेळी वीस ते तीस मिनिटं, फक्त फोनवरून मार्गदर्शन केलं. वर्षभरानंतरही त्यांची झोप सुधारलेली होती आणि थकवाही कमी होता. दुखणं मात्र सुरुवातीला थोडं उतरलं तरी वर्षभर तसं टिकलं नाही. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण झोपेनं संधिवात बरा होतो असं सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत. फोनवरून एवढं साधत असेल, तर तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आणि महिन्यातून एकदा शहरातल्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णासाठीही ते करता येईल.

झोप आणि दुखणं यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे, पण सारख्या जोराचं नाही. दुखण्यानं रात्र बिघडते त्यापेक्षा बिघडलेल्या रात्रीनं दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढतं, हे अधिक ठळकपणे दिसून आलं आहे. मधुमेहातही तसंच. शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं, तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद ढासळली. म्हणून झोपेची काळजी घेणं ही चैन समजू नये. इन्सुलिन आणि पथ्याइतकीच ती उपचाराची बाब आहे.

काही रात्री मात्र वेळापत्रकानं सुटत नाहीत, कारण मूळ अडचण दुसरीच असते. मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून जाग येणं, दिवसभर पेंग, सकाळी डोकं जड, रक्तदाब गोळ्यांनाही दाद देत नाही : ही झोपेतल्या श्वासरोधाची लक्षणं असू शकतात आणि त्याची तपासणी व्हायलाच हवी. अंथरुणावर पडताच पायांत काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं होत असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्यावं. रक्तक्षय असलेल्या बायकांत आणि डायलिसिसच्या रुग्णांत हा त्रास पुष्कळ आढळतो आणि ‘नुसतं चाळे चाललेत’ म्हणून हसण्यावारी नेला जातो. रात्री घामानं भिजून, घाबरून जाग येणाऱ्या मधुमेही माणसानं त्या वेळी साखर मोजावी; ती खूप खाली गेलेली असू शकते. रात्रीतून चार वेळा लघवीला उठावं लागत असेल तर साखर जास्त आहे का हे आधी पाहावं. पाय सुजणाऱ्यांनी दुपारी तासभर पाय उंच ठेवून बसलं, तर पायांत उतरलेलं पाणी दिवसाच बाहेर पडतं. लघवी वाढवणारी गोळी आणि स्टिरॉइड यांच्या वेळा सकाळकडे नेता येतील का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. नवीन औषध न घालता, आहे त्याच औषधाची वेळ बदलून कितीतरी जणांच्या रात्री सुधारतात. आडवं झालं की धाप लागून दोन-तीन उशा घ्याव्या लागत असतील, तर तो प्रश्न झोपेचा नाही, हृदयाचा असू शकतो. तिथे थांबू नये.

झोपेच्या गोळ्यांविषयी थोडं स्पष्ट बोलायला हवं. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या आपल्याकडे एच-१ या सूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. तरीही शेजारणीनं दिलेल्या पट्टीवर वर्षानुवर्षं झोपणारी माणसं आपल्या आसपास आहेत. वृद्धांत या गोळ्यांनी तोल जातो, पडून खुब्याचं हाड मोडतं, विसराळूपणा वाढतो. पण हे वाचून कुणी आज रात्री गोळी एकदम बंद करू नये. बरेच दिवस घेतलेली गोळी अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं, थोडी थोडी कमी करायची असते, आणि वर्तनोपचार सोबत असला तर ते सोपं जातं.

आपल्या परंपरेतही या विषयाची जाण होती. चरकसंहितेनं झोपेला शरीर तोलून धरणाऱ्या तीन उपस्तंभांत जागा दिली. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात दिवसा कुणी झोपावं आणि कुणी झोपू नये याचा बारकाईनं विचार आहे, आणि क्षीण व वृद्ध माणसांना तिथे सवलतही आहे. आजच्या सल्ल्याशी ते जुळतं : ज्याला दुपारी पडल्याशिवाय भागतच नाही, त्यानं तीनच्या आत, गजर लावून, अर्ध्या तासाच्या आत उठावं. योगनिद्रेचीही चाचणी झाली आहे. २०२१ मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुनाट निद्रानाशाच्या रुग्णांची झोप तिनं सुधारली. ज्यांना मराठीतून शांत आवाजात सूचना ऐकत पडून राहायला आवडतं, त्यांनी ती जरूर करावी. काशाच्या वाटीनं तळपायाला तेल चोळण्याची आपली जुनी रीतही मला आवडते. पाय उबदार झाले की शरीराची आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते, एवढं विज्ञान मान्य करतं. मात्र मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनी गरम पाण्याची पिशवी किंवा कढत पाण्याची बादली पायांजवळ आणू नये. चटका कळत नाही, फोड येतो, आणि त्या फोडापायी बोट गमावण्याची वेळ येते. अशांना पायमोजे पुरेत.

रुग्णाची झोप घरापासून वेगळी काढता येत नाही. दोन खोल्यांत पाच माणसं, पहाटे पाचला येणारं नळाचं पाणी, रात्री अकराला कामावरून येणारा मुलगा, मांडवातला स्पीकर : ही आपल्या झोपेची खरी परिस्थिती आहे, आणि परदेशी पुस्तकांतली अंधारी, थंड, स्वतंत्र खोली आपल्यातल्या बहुतेकांकडे नाही. म्हणून उठण्याची वेळ ठरवताना नळाची वेळ धरूनच ठरवावी. आणखी एका व्यक्तीचा विचार या पुस्तकात आहे, याचं मला विशेष समाधान वाटतं : रात्री दर हाकेला उठणाऱ्या बायकोचा, सुनेचा किंवा मुलीचा. तिची झोप मोडत राहिली तर वर्षभरात घरात दुसरी रुग्ण तयार होते. आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या कुणीतरी पाळी घ्यावी. तिनं मागण्याची वाट पाहू नये.

वाचकांना एकच विनंती. पहिलं प्रकरण सुरू करण्याआधी एक साधी शंभर पानी वही आणा. उद्या सकाळपासून दोन आठवडे, चहा घेता घेता, पाच गोष्टी लिहा : अंथरुणावर कधी गेलो, अंदाजे कधी डोळा लागला, किती वेळा जाग आली, कधी उठलो, आदल्या दिवशी दिवसा किती झोपलो. रात्री उठून लिहू नका, घड्याळ बघून लिहू नका, अंदाज पुरेसा आहे. पुढच्या तपासणीला जाताना ती वही रिपोर्टांच्या फाइलीत ठेवा आणि डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं नाही, तरी त्यांच्यासमोर उघडून ठेवा.